कानबाईचा रोट आणि काट्यावरची उणे रेघ

दोन हजार तेवीस साली श्रावण दोनदा आला आणि पंडितरावांचं वजन एकदाही हललं नाही.

त्याआधी सगळं झकास चाललं होतं. सुरतेच्या पर्वत पाटिया भागात पंडितरावांचं साड्यांची पार्सलं बांधायचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. तरुणपणापासून जेवणारा माणूस. स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत वाढपी दमून खाली बसले, तेव्हा नवरदेव म्हणाले होते, "आता जरा निवांत जेवू." असा माणूस एकशे चाळीस किलोला पोचला यात नवल नव्हतं. माघात पोट लहान करायचं ऑपरेशन झालं आणि दर आठवड्याला वजन उतरणीवरच्या हातगाडीसारखं खाली धावू लागलं.

ते पाहून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईसमोर, चार बायकांच्या देखत प्रमिलाबाई बोलून बसल्या, "आमच्या यांचं वजन शंभराच्या आत येईपर्यंत मी चहा घेणार नाही."

त्यांचा हिशेब महिनाभराचा होता. आषाढ लागला आणि काटा एकशे एकवर बसला, तो अंड्यावरच्या कोंबडीसारखा. उठायचं नाव नाही.

प्रमिलाबाईंना चहा म्हणजे काय, हे त्यांच्या माहेरी विचारावं. लहानपणी गोवर निघाला तेव्हासुद्धा त्यांनी औषध नको, चहा द्या म्हणून भोकाड पसरलं होतं. आता डोकं ठणकायचं, भांडी आपटायची, आणि शेजारच्या खिडकीतून आल्याचा वास आला की डोळ्यांत पाणी यायचं.

शेवटी त्या नवऱ्याला घेऊन दवाखान्यातल्या आहारवाल्या विशाखाबेनकडे गेल्या.

"बेन, असं सगळ्यांचंच होतं," विशाखाबेन म्हणाल्या. "शरीर मध्येच थांबतं, विसावा घेतं. डाळ, पनीर, पाणी, चालणं सोडू नका. आणि रोज रोज वजन करू नका. आपोआप सुटेल."

"विसावा यांचं शरीर घेतंय आणि डोकं माझं फुटतंय."

"मग तुम्ही घ्या ना चहा."

प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू बाईने दुसरा नवरा करायला सांगितलं होतं.

घरी येऊन त्यांनी पंडितरावांच्या शर्टाचे खिसे हुंगले. लोचोचा वास नाही, खमणचा नाही. एका खिशात उकडलेले चणे निघाले.

"हे काय?"

"विशाखाबेननेच सांगितलेत."

"खिशात ठेवायला सांगितलेत?"

"अगं, पाच घासांवर पोट भरतं. उरलेले कुठे ठेवू?"

उरलेलं कुठे जातं हे खरं तर प्रमिलाबाईंना चांगलं ठाऊक होतं. स्वयंपाकाचा हात जुन्या मापाचाच होता. पंडितराव अर्धी भाकरी खाऊन उठायचे आणि अन्न टाकायचं कशाला, म्हणून ते ताट प्रमिलाबाई चाटूनपुसून संपवायच्या.

एवढ्यात श्रावणातली कानबाई, खानदेशची देवी, घरी बसायचा दिवस आला. खानदेशातून सुरतेत आलं तरी कानबाईचा रोट कुणी सोडत नाही. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजून घ्यायचे, त्याचा रोट करायचा, तो घरच्यांनीच खायचा आणि राखीच्या आत संपवायचा. बाहेर द्यायचा नाही, उरवायचा नाही. सासरी गेलेल्या लेकीलाही नाही.

गहू मोजायचं काम रंभाबाईंचं, म्हणजे पंडितरावांच्या आईचं. पंडितरावांच्या नावाने त्या लहानपणापासून दुप्पट घ्यायच्या. यंदाही घेतले.

"आत्या, आता त्यांचं पोट वाटीएवढं आहे," प्रमिलाबाई सासूला म्हणाल्या.

"पोट डाक्तरनी कापं. गहू कापाले त्याले कोन सांगं?" रंभाबाई म्हणाल्या. "मना पंडित दोन गडी शे."

सोमवारी कानबाईचं विसर्जन. बँड लागला आणि पंडितराव असे नाचले की गुलालातून फक्त दात दिसत होते. घरी आल्या आल्या प्रमिलाबाईंनी त्यांना दुकानात नेलं. "एवढा घाम गेलाय. चढा काट्यावर."

काट्यावर अठ्ठ्याण्णव आले.

मग पार्सलं बांधणारा सुपडू धावला आणि समोरच्या टपरीवरून चहा घेऊन आला. कडक, आल्याचा, वर साय. प्रमिलाबाईंनी डोळे मिटून पहिला घोट घेतला. आखाजीपासूनचा सगळा उन्हाळा त्या घोटाबरोबर खाली उतरला. दुसरा घेतला. तिसऱ्याला डोळे उघडले. पंडितराव तोवर काट्यावरून उतरले होते आणि रिकाम्या काट्यावर आकडा होता तीन, त्याच्या आधी एक बारीक आडवी रेघ.

जन्म काट्याशेजारी गेलेला. त्यांना लगेच कळलं. पार्सलं लोखंडी जाळीवर ठेवून तोलतात, म्हणून जाळीचे तीन किलो आधीच वजा करून ठेवलेले असतात. रोज पंडितराव जाळीवर उभे राहायचे. आज सुपडूने जाळी धुवायला काढली होती.

म्हणजे एकशे एकच.

प्रमिलाबाई पदर सावरायच्या निमित्ताने काट्यासमोर उभ्या राहिल्या आणि घाईने चौथा घोट घेतला.

"सरक जरा," मागून रंभाबाई म्हणाल्या. त्यांना आकडे वाचता येत नव्हते, पण खाली वाकून त्यांनी बोट लावलं. "ती रेघ कसानी शे?"

सुपडूने भिजलेली जाळी पाठीमागे लपवली.

"चहा चुकून घेतला," पंडितराव म्हणाले. "देवी समजून घेईल."

"देवी समजी लेई. मी नही समजाव," रंभाबाई म्हणाल्या. "चहा पोटमा गया, आते काय बाहेर काढशी? नेम पुढे चालू. अन दंड म्हनीसन पंडितना वाटाना रोट तूच संपाडशी."

दोन गड्यांचा रोट. कोरडा. बरोबर चहा नाही. प्रमिलाबाईंनी तो राखीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत संपवला. शेवटचा तुकडा तेवढा दुधात बुडवला, तेव्हा पंडितराव शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत होते.

"अहो, तुम्ही एवढं कसं खायचा हो?"

"मजेत."

मग त्या आडव्या पडल्या, ते पार गणपतीपर्यंत. त्या दिवसांत घरात वजनाचा विषयच निघाला नाही. विशाखाबेन म्हणाल्या होत्या तसंच झालं, कुणी बघत नसताना आपोआप सुटलं. गणपती बसले त्या सकाळी सुपडूने पंडितरावांना जाळीसकट तोललं, नव्व्याण्णव. प्रमिलाबाईंना उशाशी चहा मिळाला.

आता पंडितराव शहाऐंशीवर आहेत आणि त्यांचे जुने शर्ट पार्सलांखाली अंथरायला होतात. सुपडूने काट्याला जाळी तारेने बांधून टाकलीय. रंभाबाई अजून दोन गड्यांचेच गहू घेतात. आणि प्रमिलाबाई? त्याही परवा सहज काट्यावर चढल्या आणि तशाच उतरल्या. एक्क्याण्णव. नवऱ्याने ताटात टाकलेलं वाया गेलं नव्हतं.

यंदाच्या आखाजीला पंडितरावांनी गौराईसमोर, चार बायकांच्या देखत नेम घेतला, "प्रमिला ऐंशीच्या आत येईपर्यंत मी तिसऱ्या भाकरीला हात लावणार नाही."

बायकांना अगदी भरून आलं. या माणसाला अर्धी भाकरीसुद्धा जात नाही, हे सांगायला प्रमिलाबाई तोंड उघडतात, तेवढ्यात कुणीतरी त्यांच्यापुढे चहा ठेवतं.