घोरपडीचा चेहरा आणि दोन राजे

मुलांनो, चुळबुळ थांबवा आणि ऐका. एका जंगलात पत्त्यांचा अड्डा होता.

जनावरं पत्ते कशी खेळतील, असं विचारू नका. तुमचे काका कसे खेळतात? तशीच.

अड्डा एका सपाट कातळावर भरे. थंडीचे दिवस होते आणि झाडी इतकी दाट, की दुपारचं ऊन काय ते त्या एका कातळावर पडे. खेळ तीन पत्तीचा. पैशांऐवजी चिंचोके. नियम एकच कडक होता. ज्याने पत्ते टाकले, म्हणजे पॅक केलं, त्याने कातळावरून उठायचं आणि डाव संपेपर्यंत खाली सावलीत कुडकुडत बसायचं. हरलेल्याला ऊन देऊ नये, असं जंगलातल्या थोर मंडळींचं मत होतं. ही थोर मंडळी स्वतः कुठे बसत, हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लहान आहात.

खेळायला चौघं असत.

एक ससा. तो पत्ते उचलायच्या आधीच पॅक करी. त्याला सगळे अनुभवी म्हणत.

एक रानडुक्कर. त्याच्या हातात काहीही येवो, ते चाल वाढवी, म्हणजे आणखी चिंचोके लावी. त्याने स्वतःचं चिखलाचं डबकं घालवलं होतं, मग सासऱ्याचंही घालवलं होतं. त्याला सगळे धाडसी म्हणत.

तिसरा भिकोबा साळिंदर. साळिंदरं खरं तर दिवसा झोपतात. हा दिवसा पत्ते खेळे आणि रात्री झोपे, त्यामुळे त्याची बायको गोदा त्याच्यावर कायम उखडलेली असे. त्यांचं टेकडीच्या पोटात छान बीळ होतं. कोरडं, ऐसपैस, मागच्या बाजूला पळायला वेगळी वाट. आत दोन पिल्लं होती. त्यांचे काटे अजून मऊ होते.

चौथ्या सुलोचनाबाई घोरपड. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्या बसत.

त्या दिवशी पत्ते वाटले गेले. ससा लगेच उठून सावलीत गेला. रानडुकराने दोनदा चाल वाढवली, मग त्याच्याकडचे चिंचोके संपले आणि तेही फुरफुरत खाली गेलं. उरले भिकोबा आणि सुलोचनाबाई.

भिकोबाने आपले पत्ते पाहिले होते. दोन राजे आणि एक सत्ती. ज्यांना हा खेळ येत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दोन राजे म्हणजे चांगले पत्ते. डोळे झाकून जिंकावं इतके नव्हेत, पण टाकून द्यावे असे तर मुळीच नव्हेत. ज्यांना हा खेळ येतो त्यांनी घरी सांगू नये.

सुलोचनाबाईंनी आपले पत्ते पाहिलेच नव्हते. ते त्यांच्या पोटाखाली पालथे पडले होते. याला आंधळी खेळणं म्हणतात. आंधळी खेळणाऱ्याला चालीला जितके चिंचोके लागतात, त्याच्या दुप्पट पत्ते पाहणाऱ्याला. डोळे उघडे ठेवले की सगळीकडेच महाग पडतं.

भिकोबा चाल करी. सुलोचनाबाई शेपटीने चिंचोके पुढे सरकवत. भिकोबा पुन्हा चाल करी. त्या पुन्हा सरकवत. पापणी हलत नव्हती. जीभ तेवढी अधूनमधून बाहेर येऊन आत जाई.

भिकोबाचे चिंचोके संपले. मग त्याने बीळ लावलं.

हो, बीळ. मीही तुमच्यासारखाच कपाळाला हात लावला होता.

सुलोचनाबाईंनी उरलेला सगळा ढीग पुढे सरकवला.

आता भिकोबापुढे तीन वाटा होत्या. पॅक केलं तर बीळ गेलं. शो मागितला, म्हणजे दोघांचे पत्ते उघडा म्हटलं, तर अंगावरचे निम्मे काटे लावावे लागणार. चाल वाढवली तर सगळे. आणि काट्यांशिवायचं साळिंदर म्हणजे बिबट्याची न्याहारी.

"चाल!" खालून रानडुक्कर ओरडलं.

"पॅक!" ससा ओरडला. मग त्याला शिंक आली.

भिकोबाने आपला सल्लागार बोलावला.

सल्लागार म्हणजे खोकड, कोल्ह्याच्याच भावकीतला. जंगलात त्याचं मोठं नाव होतं. त्याने आयुष्यात एकही डाव खेळला नव्हता, त्यामुळे तो एकदाही हरला नव्हता. 'चेहरा वाचा, डाव जिंका' नावाचं शिबिर तो चालवी. शिबिराला तोबा गर्दी होई. त्याला स्वतःला राहायला घर नव्हतं. तो म्हणे, माझं काम फिरतीचं.

खोकडाने सुलोचनाबाईंभोवती एक फेरी मारली. त्यांच्या नाकासमोर पंजा हलवून पाहिला. काही झालं नाही.

"भिकोबाभाऊ," तो हळूच म्हणाला, "प्रकरण गंभीर आहे."

"का हो?"

"चेहरा बघा. भीती आहे का? नाही. आनंद आहे का? नाही. इतकं शांत कोण असतं? ज्याच्या हातात तीन एक्के असतात तोच."

"पण त्यांनी पत्ते पाहिलेच नाहीत," भिकोबा म्हणाला.

मुलांनो, इथे नीट लक्ष द्या. सगळ्या डावात शहाणपणाचं असं हे एकच वाक्य बोललं गेलं.

खोकड त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिला. "तेच तर सांगतोय. पाहायची गरजसुद्धा वाटली नाही त्यांना! मग पत्ते किती भारी असतील, विचार करा."

भिकोबाने विचार केला. असा विचार केला, की डोकं दुखायला लागलं. मघाशी ते पत्ते पालथे पडलेले तीन कागद होते. आता त्याला तिथे तीन एक्के स्वच्छ दिसायला लागले. त्याचे काटे उभे राहिले आणि खुळखुळायला लागले.

"मी म्हणतो शो मागून टाकावा," तो चाचरत म्हणाला. "निम्मे काटे गेले तर गेले. पोरांचं घर आहे हो ते."

"मागा की. निर्णय तुमचा आहे," खोकड म्हणाला. "मी फक्त इतकंच म्हणेन, की घराशिवाय साळिंदर जगतं. काट्यांशिवाय जगलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि जगात शहाणा खेळाडू कोण? जो वेळेवर थांबतो."

"हेच मी कधीपासून सांगतोय," सावलीतून ससा म्हणाला.

भिकोबाने एकदा दोन राजांकडे पाहिलं. एकदा सुलोचनाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला पिल्लांचे मऊ काटे आठवले आणि रडू आलं. मग त्याने पत्ते टाकले.

"पॅक," तो म्हणाला आणि कातळावरून खाली उतरला.

खोकडाने टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात परिपक्वता!"

सुलोचनाबाई तशाच बसून होत्या. दुपार सरली. ऊन कातळावरून निघून गेलं, तेव्हा त्या हळूहळू उठल्या. दोन पत्ते खाली पडले आणि एक पोटाला चिकटून राहिला. खाली पडलेली पंजी आणि तिर्री. पोटाला दुर्री. तिन्ही वेगळ्या रंगांची. याहून टाकाऊ पत्ते शोधून सापडायचे नाहीत.

भिकोबा ते बघत उभा राहिला.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "या पत्त्यांवर तुम्ही इतक्या निवांत कशा बसलात?"

"कुठल्या पत्त्यांवर?" सुलोचनाबाईंनी विचारलं. "सकाळी दोन बेडूक आणि एक उंदीर खाल्ला होता. जेवण झालं की ऊन लागतं मला, नाहीतर पचत नाही. तुम्ही सारखे म्हणायचा, बाई, तुमची चाल. पॅक म्हटलं असतं तर उठावं लागलं असतं. म्हणून मी आपली शेपटी हलवत होते."

"आणि माझं बीळ?"

"कसलं बीळ? मी खडकाच्या फटीत राहते. मला बीळबीळ नको. घेऊन जा तुमचं."

भिकोबाचे काटे आनंदाने खाली बसले. पण खोकड मध्ये आला.

"असं कसं?" तो म्हणाला. "जिंकलेलं परत द्यायला लागलो, तर उद्या या खेळाला इज्जत राहील का? जंगलाची म्हणून काही शिस्त आहे की नाही?"

"आहे," ससा म्हणाला.

"आहे!" रानडुक्कर म्हणालं. सासऱ्याचं डबकं त्याला कुणी परत दिलं नव्हतं.

"बाईंना नको असेल तर प्रश्नच मिटला. पण बीळ रिकामं सोडलं तर ढासळेल. मी राहतो तिथे. देखरेखीसाठी." असं म्हणून खोकडाने झुडपामागून आपलं गाठोडं उचललं. ते बांधून तयारच होतं.

तिन्हीसांजेला गोदा पिल्लांना घेऊन करवंदीच्या जाळीत बसली होती. वारा सुटला होता. धाकटं पिल्लू कुडकुडत होतं आणि सारखं विचारत होतं, आपण घरी कधी जायचं? भिकोबा जाळीबाहेर उभा होता. आत यायची त्याची हिंमत होत नव्हती.

गोदा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमच्याकडे काय होतं?" तिने विचारलं.

"दोन राजे."

"आणि तिच्याकडे?"

भिकोबाने वळून कातळाच्या दिशेने पाहिलं.

"ऊन," तो म्हणाला.

तात्पर्य: मुलांनो, पत्ते कसे आहेत याला फार महत्त्व देऊ नका. उबेची जागा पकडा, पोटभर जेवा आणि काही झालं तरी उठू नका. लोक तुमच्या चेहऱ्यात धोरण शोधतील आणि आपापले राजे टाकून जातील. एवढी जागा नशिबात नसेल, तर सल्ला द्यायला शिका आणि गाठोडं बांधून ठेवा.