मंडळीला ऐकू गेलं पायजे

सभा कुठलीही असो, भोंग्याचं तोंड श्रोत्यांकडे असतं. गांगुर्डेंच्या सभेत भोंगा श्रोत्यांकडे पाठ करून बसायचा.

नाशिकमध्ये सातपूरला कारखान्यांच्या भिंतीला लागून एक वस्ती आहे. वस्तीच्या तोंडाशी समाजमंदिर आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चारला गांगुर्डे त्याच्या पत्र्यावर चढून भोंगा बांधायचे. श्रोते पुढच्या अंगणात ताडपत्रीवर, आणि भोंगा मागच्या चाळीकडे. पुढच्या दोन ओळींना वक्त्याचा उघडा आवाज यायचा, बाकीच्यांना नुसते हातवारे दिसायचे. मागच्या चाळीत मात्र रिकाम्या ओट्यांना यशाची पंचसूत्री खणखणीत ऐकू जायची.

मी या सभांना यायला लागलो त्या पहिल्याच महिन्यात म्हणालो, अहो, भोंगा फिरवा.

"राहू द्या सर. मंडळीला ऐकू गेलं पायजे."

मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे. माणूस चुकतोय यापेक्षा वाक्य चुकतंय याचा मला जास्त त्रास होतो. 'मंडळीला' नाही, 'मंडळींना' म्हणा, श्रोते अनेक आहेत, असं मी त्यांना समजावलं. ते "बरोबर हाय" म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात पत्र्यावरून पुन्हा तेच ओरडले. तीन वर्षं मी ते वाक्य दुरुस्त करत होतो आणि तीन वर्षं ते मला मान डोलावून दाद देत होते.

गांगुर्डे मूळचे देवळ्याकडचे. एका कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नातवंडं सांभाळतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. यांनी वस्तीला प्रेरणा द्यायचं मनावर घेतलं. मी नाल्यापलीकडच्या इमारतीत राहतो. त्यांनी फळ्यावर 'प्रेरणादाई व्याखान' लिहिलेलं मला येता-जाता बघवेना, म्हणून मी खडू हातात घेतला आणि अडकलो. फळा माझ्याकडे आला, पाहुण्यांचा परिचय माझ्याकडे आला, आणि पाहुणे हॉटेलातून उठत नसतील तर त्यांना उठवून आणणंही माझ्याकडेच आलं.

वक्ते एकेक नग होते. ज्या वस्तीत नळाला पाणी पहाटे साडेतीनला येतं, तिथल्या बायकांना एकाने पहाटे लवकर उठण्याचं महत्त्व सांगितलं. बायका मुकाट ऐकत होत्या. निदान तेवढा वेळ त्यांना बसायला मिळालं होतं. दुसऱ्याने गरिबी खिशात नसते, मनात असते असं सांगितलं आणि जाताना विचारलं की इथे गाडीला कोणी ओरखडे तर पाडत नाही ना. तिसऱ्याने सगळ्यांना डोळे मिटून पाच वर्षांनंतरचं आपलं घर बघायला लावलं. रात्रपाळी करून आलेले चौघे त्यात झोपले, ते आभाराला उठले. मला या लोकांचा मनापासून राग यायचा. गांगुर्डेंना यायचा नाही. ते दाराशी हात बांधून उभे असायचे आणि प्रत्येकाला एकच सांगायचे, "लय भारी बोललात."

त्यांचा एक नियम होता. श्रोत्यांतून एक तरी प्रश्न आल्याशिवाय आभार नाहीत, आणि आभारांशिवाय चहा नाही. आता या वस्तीतल्या माणसांना आयुष्यभर सगळ्यांनी प्रश्न विचारलेले. नाव काय, गाव कुठलं, कागद कुठाय. उलट विचारायची सवय कुणाला? सगळे मान खाली घालून बसायचे. गांगुर्डे मात्र ढिम्म. श्रोत्यांकडे बघायचेसुद्धा नाहीत, मागच्या चाळीच्या बोळाकडे बघत उभे राहायचे. शेवटी रघूतात्या नावाच्या म्हाताऱ्याने जबाबदारी उचलली. दर महिन्याला तो गुडघ्यावर हात टेकून उठायचा आणि विचारायचा, "यशाचं रहस्य काय?" वक्ता खुलायचा, चहा यायचा. गांगुर्डेंचा चेहरा मात्र प्रश्न आलाच नसल्यासारखा असायचा.

परिचय मी करून द्यायचो, पण त्याआधी एक वाक्य ते स्वतः बोलायचे. "याच जागेवरचं भाषण ऐकून एक पोरगा जर्मनीला गेला." तो पोरगा त्यांचाच, संदीप. डिप्लोमा करून इथेच एका वर्कशॉपमध्ये होता. पहिल्या वर्षीच्या, म्हणजे मी येण्याआधीच्या, कुठल्याशा वक्त्याने "झेप घ्या, मागे वळून बघू नका" असं सांगितलं आणि हा पुढच्या ओळीत बसून टिपून घेत होता. पोरगं आज्ञाधारक. गेल्यावर त्याने खरोखरच वळून बघितलं नाही. सुरुवातीला रविवारी फोन यायचा, नंतर सणावारी यायला लागला. हे मला वस्तीतून कळलं होतं. गांगुर्डे फक्त जर्मनीपर्यंतच सांगायचे.

या वर्षी मी एक पराक्रम केला. माझा एक माजी विद्यार्थी आता मोठा प्रेरणादायी वक्ता झाला आहे. शाळेत असताना त्याला निबंधात दहापैकी तीन मिळायचे आणि ते तीनही मी दया म्हणून द्यायचो. त्याला मी बोलावलं. खोटं कशाला सांगू, वस्तीसाठी नाही, तर आपला विद्यार्थी चारचौघांत आपल्या पाया पडेल म्हणून बोलावलं. तो आला, पाया पडला. बरोबरच्या माणसाने त्याचं शूटिंगही केलं.

तासभर तो बोलला. शेवटी दोन्ही हात पसरून म्हणाला, "झेप घ्या, मित्रांनो. मागे वळून बघू नका." टाळ्या झाल्या. गांगुर्डेंनी नेहमीसारखं विचारलं, कुणाला काही प्रश्न? रघूतात्या गुडघ्यावर हात टेकून अर्धा उठला आणि तसाच थांबला.

मागच्या चाळीच्या बोळातून एक बाई येत होत्या. हात पिठाचे, पदर खोचलेला. गांगुर्डेंच्या पत्नी, सुमनवहिनी. गेल्या तीन वर्षांत मी त्यांना समाजमंदिराच्या आसपास पाहिलं नव्हतं. त्या ताडपत्रीच्या कडेला उभ्या राहिल्या. माईक घेतला नाही.

"मागं वळून बघू नका, असं पोरांना सांगता तुम्ही. मग मागं जे उभं राहतं, त्यानं कुठं बघायचं?"

गांगुर्डे दाराशी होते, त्यांनी बांधलेले हात सोडले. मला वाटलं, माझा विद्यार्थी आता काहीतरी बोलेल. निदान 'मला माहीत नाही' एवढं तरी म्हणेल. आयुष्यात एकदा त्याला दहापैकी दहा द्यायला मी तयार होतो.

"वा, मावशी," तो म्हणाला. "काय सुंदर प्रश्न आहे. मावशींसाठी टाळ्या झाल्या पाहिजेत." टाळ्या झाल्या. मग तो शूटिंगवाल्याकडे वळला, घेतलं का विचारलं. नव्हतं घेतलं. "मावशी, तेवढं वाक्य पुन्हा एकदा म्हणाल? या बाजूला बघून."

वहिनींनी त्या बाजूला बघितलं नाही. त्यांनी गांगुर्डेंकडे बघितलं. मग आल्या तशा बोळातून परत गेल्या. त्या दिवशी आभार न होता चहा झाला.

पाहुणे गेल्यावर मी शिडी धरून उभा होतो आणि गांगुर्डे पत्र्यावर भोंग्याच्या तारा सोडत होते. शेवटची तार सोडली. मग वरूनच म्हणाले, "मंडळी आली, सर. तीन वरसांनी घराबाहेर येऊन बोलली. पण उत्तर नाय मिळालं."

गांगुर्डेंचं घर मागच्या चाळीत आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आमच्याकडे जुना माणूस बायकोला मंडळी म्हणतो, हेही माहीत होतं. माझे वडील आईला तेच म्हणायचे. तरी मी तीन वर्षं त्या माणसाला अनेकवचन शिकवत होतो. पोरगं याच भाषणांपायी गेलं म्हणून ती बाई घरात बसली होती. आणि हा माणूस महिन्यामागून महिना तिच्या खिडकीवर भोंगा रोखून वाट बघत होता. कुणीतरी एखादा शहाणा वक्ता येईल, तिचं समाधान होईल असे दोन शब्द बोलेल, ही त्यांची आशा. त्यांना स्वतःला ते शब्द सापडले नव्हते. आणि वक्ता आणला कुणी, तर मी.

माझा विद्यार्थी आता ते वाक्य आपल्या भाषणात वापरतो, असं कानावर आलं. 'एका अशिक्षित माउलीने मला विचारलं' अशी सुरुवात करतो म्हणे. सुमनवहिनी जुन्या मॅट्रिक आहेत.

पुढच्या महिन्यात मी समाजमंदिरात पोचलो तेव्हा भोंगा बांधून झाला होता. त्याचं तोंड श्रोत्यांकडे होतं. मला क्षणभर बरं वाटलं. वहिनी आता येऊन बसल्या असतील, म्हणून मी बायकांच्या ओळी दोनदा बघितल्या. मग बोळात जाऊन आलो. दाराला कुलूप होतं.

"देवळ्याला गेली, भावाकडं," गांगुर्डे म्हणाले. "कांद्याच्या लागणीला माणूस मिळंना त्यांना."

तो उन्हाळा होता. उन्हाळ्यात कांद्याची लागण नसते, हे नाशिक जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी "बरोबर आहे" म्हणालो. तीन वर्षं ते माझं ऐकून घेत होते, एक दिवस मीही घेतलं.

व्याख्यान झालं. गांगुर्डे माईकजवळ आले आणि प्रश्न आहेत का, हे न विचारताच आभार मानायला लागले. रघूतात्या गोंधळून इकडेतिकडे बघत होता. मला राहवलं नाही, मी हात वर केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. गांगुर्डे थांबले, माझ्याकडे बघू लागले. मला त्यांना विचारायचं होतं की वहिनी कधी येणार, रात्री जेवता कुठे, आज माझ्याकडे येता का. पण सभेत प्रश्न वक्त्याला विचारायचा असतो.

"यशाचं रहस्य काय?" मी विचारलं.

वक्ता खुलला. वीस मिनिटं बोलला. भोंगा सरळ होता, त्यामुळे सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.