धरला की सुटत न्हाई

सकाळी मी आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवला, की शेजारचे आबा मधल्या भिंतीवरून पितळी पुढे करत. पितळीत चुन्याची निवळी. माझ्या धुरात ती धरून उभे राहत. पाण्यावर पांढरी साय आली, की खूश. "धरला! एकदा धरला की सुटत न्हाई, वैनी."

धरला म्हणजे धुरातला वायू. आबा कराडजवळच्या साखर कारखान्यात चुन्याच्या भट्टीवर होते. तिथल्या एका साहेबानं त्यांना सांगितलं, की हा वायू आभाळात साठतोय आणि त्यानं पुढेमागे सगळं जग तापणार. साहेब बदलून गेला. काळजी आबांकडे राहिली. शिवारात उसाचं पाचट पेटलं, की त्यांना घास गिळत नसे. प्रत्येक धुराड्याला निवळीचा हौद बांधा, असं ते येईल त्याला सांगत.

मी एकदा विचारलं, "चुना भाजायलाही भट्टीच लागते ना? तिच्या धुराचं काय?"

आठवडाभर भिंतीकडे फिरकले नाहीत. मग येऊन म्हणाले, "तितंच गाडी अडतीया." आणि पितळी पुढे केली.

त्यांच्या बायकोला, शेवंताकाकूंना, दमा. त्या खोकल्या, की आबा माझा बंब विझवायला तांब्या घेऊन धावत. त्या वर्षी दसऱ्यानंतर काकूंना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. लेक जवळ होती. आबा एसटीनं जाऊन येत. डॉक्टर काय म्हणाले विचारलं, की पाचटाबद्दल बोलत.

दिवाळी तोंडावर आली. काकू घरी येतील तेव्हा त्यांचं स्वयंपाकघर बरं दिसावं, म्हणून मी भिंतींना चुना मारायला घेतला. बादलीतला कमी पडला. फळीवर एका बाटलीत तळाशी पांढरा गाळ दिसला. एवढा चुना वाया कशाला घालवायचा? मी बूच काढून बाटली बादलीवर तिरकी केली.

आबांनी माझं मनगट धरलं.

"चुना न्हवं त्यो," ते म्हणाले. "मिरजंला जायच्या आदी तिला निवळीत नळीनं फुंकाय लावलं हुतं. लय दमली. तिचा दम हाय त्यात."

मी बाटली फळीवर ठेवून बूच बसवलं. आबा तिच्याकडे बघत राहिले.

"सुटायचा न्हाई न्हवं, वैनी?"

बूच ढिलं होतं. मी घरून मेणबत्ती आणली, पेटवली आणि बुचाभोवती मेण ओतलं. वातीचा बराच धूर झाला. आबा पितळी आणायला उठले नाहीत.