अख्खा माळा

मंगळवारी सकाळी बरोबर दहा वाजून चाळीस मिनिटांनी गुंडीच्या आईनं नवऱ्याला न विचारता एक फोन लावला. वेळ इतकी पक्की सांगता येते, कारण त्याच मिनिटाला गुंडी कपाटावर आपटली होती, आणि पोर कधी आपटली ते आई घड्याळात बघून ठेवायची. (डॉक्टरांनी विचारलं तर! डॉक्टरांनी आजवर एकदाही विचारलं नव्हतं.)

गुंडीला नुकतंच वर्ष झालं होतं. बाप शिवणाच्या दुकानात कटिंग मास्तर, म्हणून पोरीला सगळे गुंडी म्हणायचे. ती चालायला लागली होती, पण चालणार कुठे? खोली एकच. पलंग सोडला की एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि धाडकन कपाट. महिनाभर हेच चाललं होतं. आईच्या जिवाला घोर लागला. चालणं म्हणजे दोनच पावलं, असं पोरीच्या डोक्यात बसलं तर? उद्या शाळेत जाताना दर दोन पावलांनी मागे वळायला लागली तर?

मोठी खोली घ्यावी म्हटलं, तर या शहरात भाडं नुसतं ऐकूनच माणसाला आपली लहान खोली आवडायला लागते. म्हणून त्या सकाळी वाण्याच्या दुकानाबाहेर खांबावर चिकटवलेला कागद तिनं तीनदा वाचला. 'माळा भाड्याने देणे आहे.' खाली भाडं लिहिलेलं. एक शून्य लिहायचं राहिलंय की काय, असं वाटण्याइतकं कमी. घरी येऊन ती विचार करत बसली, तेवढ्यात कपाट वाजलं आणि तिनं फोन उचलला.

"हॅलो, तो माळा रिकामा आहे का?"

"आहे. कालच झाडून घेतला."

"कितवा माळा?"

"कितवा काय? एकच आहे."

"आणि खोल्या किती?"

"खोल्या-बिल्या काही नाहीत, ताई. सलग आहे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

"म्हणजे... अख्खा माळा?"

"अख्खा. वर दुसऱ्या कोणाला देत नाही मी. डोक्याला कटकट नको."

गुंडीची आई पलंगावर बसली. एवढ्याशा भाड्यात अख्खा मजला! "सामान मावेल ना हो?"

"सामानासाठीच तर आहे! डाग किती आहेत?"

तिनं गुंडीच्या झबल्याकडे पाहिलं. "डाग ना... लहान मूल आहे, पडतातच. पण मी रोजच्या रोज पुसते."

 पलीकडचा माणूस म्हणाला, "पुसलेले असले तर बरंच की. शनिवारी या."

संध्याकाळी मास्तर घरी आले. गळ्यातला टेप काढायच्या आत बायकोनं सगळं सांगून टाकलं.

"लांबी विचारलीस?"

"या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत!"

"आणि उंची?"

"अहो, घर आहे ते, पॅन्ट नाही!"

मास्तर गप्प बसले. (लग्नाला तीन वर्षं झाली होती. कुठे गप्प बसायचं, एवढं माप त्यांना जमलं होतं.)

आता शनिवारपर्यंत तिनंही गप्प बसावं की नाही? पण बुधवारी घरमालकीणकाकू दारात आल्या. "काय गं, भिंतीत नवा खिळा दिसतोय?"

"दिसू दे, काकू. आम्ही एक तारखेला चाललो. अख्खा माळा घेतलाय. तुम्ही बसा खिळे मोजत."

"अगंबाई! मग बरंच झालं," काकू म्हणाल्या. "एक नवीन जोडपं विचारतच होतं." आणि चपला न घालताच खाली गेल्या.

गुरुवारी तिनं सासूबाईंना फोन केला. झोपायला जागा नाही म्हणून लग्नापासून त्या एकदाही मुक्कामाला आल्या नव्हत्या. "या आता तुम्ही. तुम्हाला वेगळी खोली!"

"वेगळी? दार लागतं का तिला?"

"लागतं हो!" न बघितलेल्या खोलीचं न बघितलेलं दार तिनं लावूनसुद्धा दाखवलं असतं.

शनिवारी सकाळी सासूबाई गादीची वळकटी घेऊन हजर. सगळी वरात पत्त्यावर पोचली. पाहतात तर भांड्यांचं दुकान. पातेल्यांच्या मागून दुकानदारानं बोट वर केलं. "हा काय माळा."

दुकानाच्याच छताखाली फळ्या ठोकलेला लांबलचक माळा. त्याला टेकवलेली शिडी.

"जिना कुठे आहे?" गुंडीच्या आईनं अगदी बारीक आवाजात विचारलं.

"चढा की. आणि तुमचे डाग कुठे आहेत? टेम्पो मागून येतोय का?"

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मजला नव्हे, माळा. झबल्यावरचे नव्हेत, सामानाचे डाग, म्हणजे नग. पण एवढी माणसं घेऊन आल्यावर न बघता परत कसं जायचं? सगळे चढले. वर गेल्यावर कोणाला उभं राहता येईना. सासूबाई गुडघ्यांवर रांगत म्हणाल्या, "सूनबाई, यातली माझी खोली कोणती?"

मास्तरांनी आडवं पडून टेप लावला. "उंची तीन फूट दहा इंच." मग बायकोकडे बघून म्हणाले, "पॅन्टला पुरेल."

तिला रडूच फुटणार होतं. तेवढ्यात गुंडी तिच्या मांडीवरून उतरली आणि उभी राहिली. अख्ख्या घरादारात ताठ उभी राहिलेली ती एकटीच. सासूबाईंनी झटकन माळ्याच्या कडेला वळकटी आडवी टाकली.

गुंडीनं एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. सवयीनं थांबली, कपाटाची वाट बघितली. कपाट आलं नाही. मान वळवून तिनं आईकडे पाहिलं, आणि मग तिसरं पाऊल टाकलं. चौथं. पाचवं. अकरा पावलं चालून ती पलीकडच्या भिंतीला हात लावून हसली.

"अहो, चालली! अकरा पावलं!" आई टाळ्या वाजवायला उठली आणि तिचं डोकं तुळईवर आपटलं. बारा वाजून पाच मिनिटं. (डॉक्टरांनी विचारलं तर.)

परत येताना तिला काकूंना दिलेलं उत्तर आठवलं. खोली तर गेली! काकू दारातच उभ्या होत्या. गुंडीच्या आईनं मान खाली घालून विचारलं, "काकू, ते जोडपं कधी येतंय?"

"येऊन गेलं," काकू पडलेल्या आवाजात म्हणाल्या. "दारातूनच आत बघितलं आणि मला म्हणे, माळा छान आहे हो, पण खोली कुठे आहे?" मग स्वतःच म्हणाल्या, "तू राहा गं. हवा तर आणखी एक खिळा ठोक."

तर खोली राहिली. सासूबाईसुद्धा राहिल्या. त्यांची वळकटी पलंग आणि कपाट यांच्यामध्ये पसरलेली असते. त्यामुळे गुंडी आता एकच पाऊल टाकते आणि आजीवर पडते. लागत नाही, एवढंच.

म्हणून एक सांगणं आहे. कुठे परवडण्यासारखी जागा कळली, तर चार जणांना सांगा, आणि सांगत सांगत निरोप इथवर पोचू द्या. अकरा पावलं सलग पडली पाहिजेत, मोठ्या माणसाला उभं राहता आलं पाहिजे, आणि सासूबाई म्हणतात, दार लागलं पाहिजे. फक्त निरोप मास्तरांच्या दुकानात द्या. घरी फोन केलात तर तो गुंडीची आई उचलेल, आणि मग बोलता बोलता तुम्हीच कुठल्या माळ्यावर राहायला जाल, काही सांगता येत नाही.