पाटीनाना

आमचे शेजारी नाना सिनेमाला जाताना कानात कापूस घालून जात.

कान दुखतात म्हणून नव्हे. नाना एका जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावर नोकरीला होते, त्यामुळे कापूस हाताशी असायचाच. तिकीट दाखवून खुर्चीत बसले, की कोटाच्या खिशातून दोन बोळे काढायचे, दोन्ही कानांत घट्ट बसवायचे आणि मग पडद्याकडे बघायचं. मी एकदा विचारलं, "नाना, मग गाणी कशी ऐकू येणार?"

"गाणी ऐकायला भजन शे ना बाई," नाना अर्ध्या अहिराणीत म्हणाले. "चित्र बघायचं असतं. हे आजचे लोक बोलून बोलून चित्राचा चोथा करतात."

घरी आल्यावर ते आम्हाला गोष्ट सांगत. ती पडद्यावरच्या गोष्टीशी जुळेलच असं नसे. एका सिनेमातला नायिकेचा काका त्यांना शेवटपर्यंत गुप्त पोलीस वाटला होता. पण त्यांनी तो असा रंगवला, की मी तो सिनेमा मुद्दाम जाऊन पाहिला आणि हिरमुसून परत आले. तो काका नुसता काकाच होता.

जळगावात मेहरूणच्या बाजूला आमची आठ खोल्यांची चाळ. साठच्या दशकातली ही गोष्ट. मी शाळेत शिक्षिका होते, आणि माझ्या भिंतीला भिंत लागून नाना आणि त्यांच्या पत्नी अक्का राहत. सगळी चाळ त्यांना पाटीनाना म्हणायची. एकदा एक नवी भाडेकरीण "दोन पाट्या हव्या होत्या, एक शेणाची, एक भाजीची," म्हणत त्यांच्या दारात उभी राहिली. नानांनी तिला बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि आपली पाटी म्हणजे कोणती ते तासभर समजावलं. ती बाई पुढे महिनाभर नळावर जायला चाळीच्या मागून वळसा घालत होती.

नानांची पाटी निराळी होती. ते मूळचे साक्रीकडचे. तरुणपणी ते एका फिरत्या तंबू सिनेमात होते. सिनेमे मुके होते तेव्हाचा काळ. पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवायची आणि ती काय बोलली ते मधूनमधून अक्षरांत लिहून यायचं. त्या लिहिलेल्या मजकुराला तंबूतले लोक पाटी म्हणत. पण तंबूभर माणसांत वाचता येणारी असून असून किती असणार? म्हणून मालकाने चौथी शिकलेल्या नानांना हातात काठी देऊन पडद्याशेजारी उभं केलं. पाटी आली की काठी आपटायची, "बठ्ठा गप! पाटी उनी!" असं ओरडायचं आणि तिच्यावरचं शुद्ध मराठी आपल्या अहिराणीत मोठ्याने सांगायचं. पडद्यावरची राणी लिहून सांगे, 'प्राणनाथ, आपल्या विरहाने मी व्याकूळ झाले आहे.' नाना ओरडत, "ती सांगस, इतला दिन तू व्हता कोठे?"

बायका पदर तोंडाला लावून हसत. साक्रीपासून पहूरपर्यंत गावोगावी लोक तंबूच्या मालकाला ओळखत नसत, पण पाटीवाल्याला ओळखत.

मग बोलपट आले. पडदा स्वतःच बोलायला लागला आणि नानांचं काम संपलं. सवय मात्र संपली नाही. चाळीतल्या कुठल्याही प्रसंगाला नाना पाटी लावत. नळाचं पाणी गेलं, की ओट्यावरून आवाज येई, "इतक्यात घात झाला!" शेजारचं एक जोडपं कडाक्याचं भांडून एकमेकांकडे पाठ करून बसलं होतं, तर नाना त्यांच्या दारावरून जाताना गंभीरपणे म्हणाले, "काही काळ लोटला." दोघं फिस्सकन हसली आणि भांडण तिथेच मोडलं. आमच्या शाळेचे तपासनीस एकदा माझ्याकडे चहाला आले. ते दारात बूट काढत असताना नानांनी काय म्हणावं? हेच. "इतक्यात घात झाला!" त्या वर्षीचा माझा शेरा मला अजून पाठ आहे.

अक्का ठेंगण्या आणि कमी बोलणाऱ्या. मूलबाळ नव्हतं. एक मुलगी होती, ती चार वर्षांची असताना गेली, एवढंच चाळीला ठाऊक. अक्कांना वाचता येत नव्हतं. नाना त्यांना सगळं वाचून दाखवत. पत्रं, वर्तमानपत्र, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा.

त्या वर्षी मी चाळीच्या ओट्यावर दुपारी चार वाजता बायकांचा साक्षरतेचा वर्ग सुरू केला. पहिल्याच दिवशी अक्का स्वतःची दगडी पाटी घेऊन हजर. नाना चिडले.

"तुले कसाले ते? मी शे ना वाचाले!"

"तीस वरीस तुम्ही वाचं, मी आयकं," अक्का म्हणाल्या. "आते मी वाचसू. तुम्ही आयका."

आठ महिन्यांत अक्का वाचायला लागल्या. अक्षराखाली बोट धरून, ओठ हलवत, सावकाश. पण एक अक्षर न चुकता. माझ्या वर्गातली तीच पहिली बाई. पुस्तक संपलं त्या दिवशी मी त्यांना विचारलं, आता काय वाचणार? मला वाटलं, पोथी म्हणतील.

"बाई, एक पाटी वाचनी शे."

नानांच्या पेटीत एका मुक्या चित्राची शेवटची रीळ होती, पत्र्याच्या डब्यात, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. तंबू मोडला तेव्हा मालकाकडून त्यांनी तेवढी एकच वस्तू मागून घेतली होती. ती त्यांनी कुणाला कधी दाखवली नव्हती. अक्कांनी मात्र ते चित्र तंबूत पाहिलं होतं. त्यात एक लहान मुलगी तापाने फणफणते. वैद्य येतो, आई उशाशी बसलेली असते, आणि पाटी येते.

"यासनी वाची दखाडं व्हतं," अक्का म्हणाल्या. "पोरले घाम फुटना, ताप उतरना. ते माले मना डोळाघाई वाचनं शे. एकदाव." घाम फुटला, ताप उतरला, हे त्यांना आता स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं.

मी तिथल्या तिथे कागद घेतला. थिएटर, ऑपरेटर, वेळ, टांगा, वाळूच्या बादल्या. जुनी फिल्म चटकन पेट घेते, हे मला माहीत होतं. गावातल्या एका थिएटरचे शेटजी ओळखीचे होते. ते म्हणाले, "रविवारी सकाळी घ्या तासभर. पण बाई, आग लागली तर?"

"चार बादल्या सांगितल्यात."

"मग घ्या."

इकडे नानांची कारणं सुरू झाली. हवा दमट आहे, रिळीला सर्दी होते. रविवारी अमावास्या आहे. डब्याचं झाकण गंजलंय, उघडत नाही. मी पेचकस घेऊन गेले आणि झाकण उघडून दिलं. रीळ चांगली होती. नाना तिच्याकडे असे बघत होते, की मला वाटलं, आनंदाने त्यांना बोलवत नाही.

शनिवारी दुपारी अक्का देवळात गेल्यावर नाना माझ्याकडे आले. खुर्ची दिली तरी उंबऱ्यावरच बसले.

"बाई, त्या पाटीवर ते नाही."

"काय नाही?"

"ताप उतरला, असं नाही. मुलगी जाते. तसं लिहिलंय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची सोनी गेली तेव्हा ते तंबूबरोबर पहूरला होते. निरोप पोहोचून ते गावी जाईपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. सगळं आटोपलं होतं. अक्का जेवत नव्हत्या, म्हणून त्यांना तंबूबरोबर फिरायला घेऊन आले. महिनाभराने मालकाने नवं चित्र आणलं. नानांनी ते आधी पाहिलेलं नव्हतं. अक्का बायकांच्या बाजूला पुढेच बसल्या होत्या. पाटी आली. नानांनी काठी आपटली, ओरडले आणि मग पाटी वाचली.

"ती माझ्याकडे बघत होती, बाई. माझ्या तोंडून निघून गेलं. घाम फुटना, ताप उतरना."

"आणि मग?"

"मग काय, पुढचं सगळं चित्र अंगावर आलं. आई ऊर बडवायला लागली. मी सांगितलं, आनंदाने रडी राहिनी. वैद्य मान खाली घालून उभा. म्हटलं, लाजाळू शे. रिकामी खाट आली, तर एक म्हातारी भर तंबूत ओरडली, 'पोर कोठे शे रे?' म्हटलं, मामाना घर गयी. शेवटी आई भगवी वस्त्रं नेसून घर सोडून निघाली. मी तिला सप्तशृंगीला नवस फेडायला पाठवली." नाना स्वतःशीच हसले. "लोक खुशीत बाहेर पडले. मालक चक्रावला. ह्या चित्राला माणसं रडतात असं त्याने ऐकलं होतं. आणि अक्काने त्या दिवशी अर्धी भाकर खाल्ली."

पुढे तंबूत ते चित्र जितके दिवस चाललं, तितके दिवस नानांनी ते तसंच वाचलं. रीळ मागून घेतली तीही, दुसऱ्या कुणी ती पाटी खरी वाचू नये म्हणून.

"आता तीच वाचणार," ते म्हणाले. "मग म्हणेल, ह्या माणसाने तीस वर्षं मला वाचून दाखवलं, त्यातलं खरं किती?"

मी म्हटलं, "ऑपरेटरला सांगते. तेवढी फीत कापून दोन टोकं जोडून देईल. पाच मिनिटांचं काम."

"एकदा खोटी वाचली. आता कापू?"

"मग उद्याचं रद्द करू?"

"नको. तिने नवं लुगडं काढून ठेवलंय."

रविवारी आम्ही चाळीतली सात-आठ माणसं थिएटरात बसलो. अक्का पुढच्या रांगेत, मी त्यांच्या मागे. नाना कुणी न सांगता पडद्याशेजारी जाऊन उभे राहिले. कानात कापूस नव्हता.

चित्र सुरू झालं आणि लोक हसले. पडद्यावरची माणसं गाडी चुकल्यासारखी पळत होती. ऑपरेटरने खिडकीतून डोकं काढलं. "बाई, हे मशीन बोलपटाचं. मुकं चित्र ह्याच्यावर असंच धावणार. ते हाताने फिरवायचे, दमादमाने."

माझ्या यादीत हे नव्हतं.

पाट्याही धावत होत्या. अक्का बोट वर करून वाचायला लागायच्या, दोन अक्षरं व्हायची, की पाटी गेली. "ओ भाऊ, धीरे!" त्या वर बघून ओरडल्या. काही उपयोग नव्हता. मग खाट आली. मुलगी आली, तिच्या उशाशी आई. वैद्याने नाडी पाहिली आणि मान हलवली. पाटी आली.



"मु-ली-ने," अक्कांचं बोट हवेत चाललं होतं, "प्रा..."

पाटी गेली.

"निंघी गयी!" अक्का म्हणाल्या. "बाई, पुरी वाचता उनी नही." मग पडद्याकडे वळून, "ओ, काय व्हतं पुढे?"

मी मागे बसून मनात म्हणत होते, सांगा नाना. घाम फुटना, सांगा. सुटलात.

पडद्यावर आई ऊर बडवत होती. तिची सावली नानांच्या कोटावर हलत होती.

"मुलीने प्राण सोडला," नाना म्हणाले. अहिराणीत नाही, ओरडून नाही. पाटीवर होतं तसं.

रिकामी खाट आली आणि गेली. पोर कुठे आहे, असं कुणी विचारलं नाही. आई भगवी वस्त्रं नेसून भराभर चालत निघाली, आणि रीळ संपली. पडदा पांढरा झाला.

"दिवे लावू का, बाई?" ऑपरेटरने वरून विचारलं. मी हात करून थांबवलं आणि बाकीच्यांना बाहेर जायची खूण केली.

नाना येऊन अक्कांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. दोघं पांढऱ्या पडद्याकडे बघत होती.

"आपली सोनी," नाना म्हणाले, "सकाळले गयी का सांजले?"

तीस वर्षं एका घरात राहून त्यांनी हे विचारलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं.

"पहाटले," अक्का म्हणाल्या. "मी चूल पेटवाले उठनू. परत उनू तवलोंग थंडी व्हयी गयी व्हती."

"मनं नाव लिधं का तिनी?"

मांडीवरच्या नव्या लुगड्याची चुणी अक्का बोटाने सरळ करत राहिल्या.

"लिधं," त्या म्हणाल्या. "दोन खेपा लिधं."

नानांनी उपरणं तोंडावर घेतलं. मी उठले आणि आवाज न करता दाराकडे गेले.

पोरीने खरंच बापाचं नाव घेतलं होतं का, ते अक्कांनाच ठाऊक. मी कधी विचारलं नाही.