कुणावर पाणी सोडलं?

पत्र्याच्या बादलीला 'अँब्युलन्स' म्हणणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी, सुभेदार आप्पा. लष्करात त्यांनी सतरा वर्षं चपात्या लाटल्या. सुभेदारकी गावानं बहाल केलेली.

आमचं गाव उंब्रजहून बरंच आत, धरणाच्या फुगवट्याला लागून. उन्हाळ्यात कालव्याला पाणी सोडलं की फुगवटा मागे सरकतो आणि काठाचा चिखल उघडा पडतो. त्यात शिंपले, गोगलगायी, झिंगे अडकून पडतात. सकाळी सहाला आप्पा अँब्युलन्स घेऊन हजर. "घायल कोन कोन हाय? फॉलिन!" कोणीही फॉलिन होत नाही. मग ते कंबर धरत वाकतात, एकेक जीव उचलून बादलीत टाकतात आणि आत पाण्यात नेऊन सोडतात. खेकड्याला मात्र हात लावत नाहीत. "त्यो सोताच्या पायानं जातुया," म्हणतात. खरं कारण त्यांच्या अंगठ्यावर आहे.

"शिंपला चालतो, मास्तर," एकदा त्यांनी मला दाखवलं. मी बावीस वर्षं मास्तरकी करतोय, पण हे मला ठाऊक नव्हतं. चिखलात एक बारीक, वाकडी रेघ होती आणि रेघेच्या टोकाला तोंड वासलेला शिंपला. "दीड हात चालला बगा. पानी दहा हात पळालं. आता ह्येनं काय करावं?" मी चष्मा पुसत बसलो. पोरांना प्रश्न विचारायची सवय, उत्तर द्यायची नाही.

ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावरून 'आज धरणातून पाणी सोडण्यात येणार आहे' असं पुकारलं की आप्पा दारातून ओरडतात, "कुनावर?" सगळी आळी हसते. मीही हसायचो.

माझं अक्षर चांगलं, हा माझा गुन्हा. दोन वर्षांपूर्वी आप्पा कोरा कागद घेऊन आले. "खालच्या गावास्नी भोंगा वाजवून सांगत्यात, जनावरं सांबाळा म्हून. हितं वरच्या जनावरास्नी कोन सांगनार? ल्ह्या." मी लिहिलं : 'विषय : शिंपल्यांना पूर्वसूचना मिळणेबाबत.' अर्ज परत आला, वर शेरा : 'अर्जदाराची सही नाही.' गडबडीत आप्पांनी सही केलीच नव्हती. पण ते गंभीरपणे म्हणाले, "बरुबर हाय. शिंपल्यानं कुटं सही केलीया?"

या वर्षी मात्र प्रकरण शिंपल्यांवर थांबलं नाही. बुडालेल्या बाभळींच्या खुंटांपाशी, गुडघाभर पाण्यात, एका मरळ मासळीनं पिल्लं काढली. तांबड्या ठिपक्यांचा तो पुंजका, आणि खाली काळी मरळ, जागची न हलणारी. आप्पा तासन् तास बघत बसायचे. "लय कवळी हायती. बादलीत जगत न्हाईत, मागच्या साली मारून बसलोय. आट दिस पानी हाय तसं ऱ्हाऊ द्या, मग त्यांची ती जात्याल."

पुन्हा अर्ज. या खेपेला सही बघून घेतली. धरणावर नवीन साहेब आला होता, पोरगेलासा. तो चक्क येऊन गुडघाभर पाण्यात उभा राहिला, पुंजका बघितला आणि म्हणाला, "आठ दिवस थांबवतो, आप्पा. पण कालव्याखालनं एक जरी तक्रार आली, तर मला पाणी सोडावं लागेल."

आप्पांनी त्याला कडक सलाम ठोकला. घरी येऊन गूळ वाटला. एवढा आनंदी माणूस मी आमच्या आळीत पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तासगावहून सुमनचा फोन आला. आप्पांची एकुलती एक लेक. तिची द्राक्षबाग त्याच कालव्याच्या शेपटाला. आप्पांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांचा फोन सगळ्या आळीला ऐकू येतो. "आप्पा, छाटणी झालीया, डोळं फुटायच्या आदीच वाळाय लागल्यात. पानी का आडवलंय कुनाला ठावं. तुमी धरनावरच हायसा, तेवडं सायबाला सांगा की!"

कोणी अडवलं, हे आप्पांनी तिला सांगितलं नाही.

सकाळी ते माझ्याकडे आले. "मास्तर, ल्ह्या. पानी सोडनेबाबत."

माझं डोकं सणकलं. "म्हणजे मरळीवर पाणी सोडलं म्हणायचं?"

आप्पा ओट्यावर टेकले. आपला उजवा तळहात बघत म्हणाले, "सुमीच्या लगनात ह्याच हातानं उदक सोडलं. तवा एकदा पोरीवर पानी सोडून बसलोय, मास्तर. दुसऱ्यांदा न्हाई सोडवत."

मी लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी चांगलं आलं नाही.

संध्याकाळी कर्ण्यावरून पुकारलं. सगळी आळी आप्पांच्या दाराकडे बघत राहिली. आतून आवाज आला नाही.

पाणी सरसर उतरलं. खुंटांपाशी घमेल्याएवढं डबकं उरलं. मरळीला आधीच खोल पाण्यात निघून जाता आलं असतं, ती गेली नाही. आप्पा दोन दिवस बादलीनं डबक्यात पाणी ओतत होते आणि चिखल ते पीत होता. मीही ओतलं. आमच्या दोघांच्या कमरा धरल्या, पण तिसऱ्या सकाळी पुंजका काठाला वाळून चिकटला होता. मरळ चिखलात आडवी पडली होती. आप्पांनी तिला उचलून खोल पाण्यात सोडलं. ती कुशीवरच तरंगली.

तेवढ्यात सुमनचा फोन. "आप्पा, पानी आलं! बाग वाचली बगा. ठेवते, मोटार चालू करायचीया."

"लय झ्याक झालं," आप्पा म्हणाले. "सुटीला ये की चार दिस. व्हय... व्हय... पोरास्नी बी आन. मी हाय बरा. जेवलो तर."

फोन केव्हाच बंद झाला होता, ते मला शेजारी उभं राहून ऐकू आलं होतं. आप्पा मात्र माझ्याकडे पाठ करून बोलत राहिले.