गोठ्यातली शांतता

"गाई उत्तम आहेत," जनावरांचे डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "दूध वाढवायचं ना? मग धारेच्या वेळी गोठ्यात शांतता ठेवा. ताण आला की गाय दूध चोरते." एवढं बोलून त्यांनी मालकाकडे आणि मग मालकीणबाईंकडे असं काही पाहिलं, की दोघांनीही माना खाली घातल्या.

बारा गाईंचा हा गोठा दोघांनी मिळून उभा केला होता, आणि लग्न झाल्यापासून रोज पहाटे धारा काढताना दोघं मिळून भांडतही होती. विषयाची टंचाई कधी पडली नाही. दोर जागेवर नाही, इथून सुरुवात व्हायची आणि गाडी मालकाच्या आत्याबाईंपर्यंत जायची.

पण शनिवारी डेअरीचे साहेब येणार होते. दूध मनासारखं भरलं तर वर्षभराचा करार. नाहीतर चार गाई विकायच्या, आणि त्यात पहिली थोरली, गोठ्यातली सर्वांत जुनी गाय.

"उद्यापासून गोठ्यात एक शब्द नाही."

"मी कुठे बोलते? तुम्हीच सुरू करता."

"उद्यापासून म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी दोघांच्या तोंडाला कुलूप. थोरलीने मान वळवून दोनदा पाहिलं, आणि दूध घटलं. मालक हबकला. पेंड बदलली, दूध आणखी घटलं. पंखा लावला, तो खडखडला म्हणून काढला. बादलीचा आवाज नको म्हणून तिच्या कडीला फडकं गुंडाळलं. आता तर नवराबायको खाणाखुणांनी बोलत होती, आणि गाई त्यांच्याकडे परक्यासारख्या बघत होत्या. मालकाची झोप उडाली.

शनिवारी साहेब माप घेऊन स्टुलावर बसले. मालक थोरलीखाली बसला. कास टम्म, पण थेंब येईना.

"पान्हाच सोडत नाही ही," साहेब म्हणाले.

मालकाने बायकोला गरम पाण्याची खूण केली. तिने पेंड आणली. त्याने पुन्हा खूण केली. तिने साहेबांसाठी दुसरं स्टूल आणलं.

"गरम पाणी गं! गरम पाणी!" मालक फुटलाच.

"मग तोंडाने सांगा ना! हात काय नाचवताय?"

"तुला साधी खूण कळत नाही?"

"पेंड बदलू नका म्हटलं तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

थोरलीने डोळे मिटले आणि पान्हा सोडला. मग शेजारची, मग तिच्या पलीकडची. साहेब माप घेऊन या गाईकडून त्या गाईकडे धावत होते. बारावीची धार संपली तेव्हा विषय आत्याबाईंवर येऊन ठेपला होता.

"साहेब, माफ करा," मालक कसाबसा म्हणाला.

"माफी कसली? सवयीचा आवाज कानावर पडल्याशिवाय गाय पान्हवत नाही. करार पक्का! फक्त वर्षभर हेच माप पडलं पाहिजे. कमी पडलं की करार रद्द."

त्या रात्री कित्येक वर्षांनी दोघं पोटभर हसली. आपली थोरली आता कुठे जात नाही, म्हणून मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

पहाटे मालक धारेला बसला. थोरली ढिम्म.

"काढ ना काहीतरी," तो कुजबुजला.

"काय काढू?"

"भांडण!"

तिने मनापासून आठवून पाहिलं. "अहो, काही सुचतच नाही. काल थोरलीला वाचवलंत तुम्ही! खरं सांगू, तुमचं काही चुकलंच नाही."

लग्नापासून हे वाक्य ऐकायला मालकाचे कान आसुसले होते. आज ते ऐकून त्याने कपाळाला हात लावला. बाराही गाई वाट बघत उभ्या होत्या. मालक उठला. बायकोने नुकतीच घासून लख्ख केलेली दुधाची किटली त्याने उचलली, कोपऱ्यात नेली आणि ताज्या शेणात नीट उपडी ठेवली.

"अहो!" मालकीणबाई कडाडल्या.

थोरली डोळे मिटून रवंथ करू लागली.